फोटो नंबर सत्त्याऐंशी

नांदेड,
दि. ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चन्नबसप्पा,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघूनच हे पत्र कुणाचं ते तू ओळखलं असशील. एवढी वर्षं ड्रॉइंग शिकवलं, पण माझं अक्षर काही सुधारलं नाही. तू म्हणायचास, "रव्या, तुझा 'क' आजारी दिसून राहिला, त्याला दवाखान्यात घेऊन जा." तो अजून तसाच आहे. पत्ता वाचून पत्र तुझ्यापर्यंत आणणाऱ्या जळकोटच्या पोस्टमनला माझ्या वतीनं चहा पाज.

बसम्मावहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं सिद्धरामकडून कळलं. आता बरं असेल. सिद्धराम लोह्याच्या आपल्या शाळेत शिपाई आहे तो आहेच, तीच टोपी, तीच सायकल. मी गेल्या वर्षी रिटायर झालो. सिंधूनं पंधरा दिवस मला बसल्या जागी चहा दिला आणि सोळाव्या दिवशी हातात भाजीची पिशवी दिली. तेव्हापासून मी कामाला आहे.

तुझा मोबाईल नंबर माझ्याकडे आहे. पण अकरा वर्षांनी फोन लावायचा आणि 'हॅलो' म्हटल्यावर पुढं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून पत्र. शिवाय काम सहीचं आहे.

काम असं. आपल्या शाळेच्या दारातला फळा तुला आठवत असेलच. चौदा वर्षं आपण दोघांनी तो रंगवला. मुक्तिसंग्राम दिन असो, वाचन दिन असो, पहाटे शाळेत जायचं, मी चित्र काढायचं आणि तू अक्षर लिहायचं. उजव्या कोपऱ्यात तुझ्या हातानं दोन बारीक ओळी : 'चित्र : रविकांत. अक्षर : चन्नबसप्पा.' दोन दिवसांनी सिद्धराम ओल्या फडक्यानं सगळं साफ करायचा. मी मात्र प्रत्येक फळ्याचा फोटो काढून ठेवत होतो. धम्मप्रियाला दिवाळीच्या साफसफाईत ते सगळे सापडले. दोनशे बारा निघाले बघ! इस्लापूरचा सहस्रकुंड धबधबा निघाला, तुझी ती मोत्यासारखी बाराखडी निघाली. पोरगी तासभर जमिनीवर बसून बघत होती. मग म्हणाली, "पप्पा, हे हितं कपाटात ठिवून काय करता?"

एक वेबसाइट आहे. शिक्षक आपापली चित्रं तिथं ठेवतात आणि कुठल्याही गावचा शिक्षक ती फुकट उतरवून घेतो. धम्मप्रियानं सगळे फोटो चढवायची तयारी केली आणि मला हाक मारली, "आता परवाना निवडा."

परवाना म्हटल्यावर मी गाडीची कागदपत्रं काढायला उठलो. तिनं बसवलं. मी विचारलं, फुकट वाटायच्या चीजेला परवाना कशाला? तर म्हणाली, "तुमी काय सांगितलंच न्हाई, तर कायद्यानं ते तुमचंच राहतंय. चांगला माणूस भिऊन हात लावत न्हाई, अन् बाकीचे विचारतच न्हाईत. म्हणून काय चालंल अन् काय चालणार न्हाई, ते आपण आधी लिहून द्यायचं."

पटलं. मग एकेक प्रश्न आला. चित्र विकायच्या कामाला वापरलं तर चालेल का? इथं मी अडलो, कारण मला आप्पासाहेब फ्लेक्सवाला आठवला. त्यानं आपला सहस्रकुंड कुठून तरी मिळवून एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाला छापला होता. धबधब्याच्या मधोमध सरपंचाचं तोंड, गॉगलसकट, आणि त्याच्या डोक्यावरून पाणी पडून राहिलंय. मी म्हटलं, विक्रीला नको! पुढचा प्रश्न, चित्रात बदल केला तर? म्हटलं, गॉगल सोडून काहीही करा.

मग आलं नाव. चित्र वापरणाऱ्यानं काढणाऱ्याचं नाव लिहिलंच पाहिजे, अशी अट घालायची का? मी म्हटलं, मुळीच नको. नावाची हाव कशाला? लेकरांना चित्र मिळालं, काम झालं. धम्मप्रिया सिंधूला म्हणाली, "मम्मी, पप्पा लई मोठ्या मनाचे हायत गं." मी मान खाली घालून बसलो, मोठ्या मनाचा माणूस बसतो तसा.

शेवटी एक चौकोन होता. त्यात खूण केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. समोर लिहिलेलं, 'हे काम संपूर्णपणे माझे आहे.' पोरगी खूण करणार एवढ्यात थांबली. "अक्षरं बी तुमचीच हायत का?" मी माझं हातानं लिहिलेलं किराण्याचं सामान तिच्यापुढं धरलं. ती म्हणाली, "कळलं. मग चन्नबसप्पाकाकाची सही लागंल."

तर सोबत यादी आणि संमतीचा कागद पाठवतो आहे. यादी बघ, सही कर, परत पाठव. सत्त्याऐंशी नंबरचा फोटो जरा अर्धवट आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, तुझ्या लेकीला, साक्षीला आशीर्वाद.

तुझा,
रविकांत


जळकोट,
दि. १३ नोव्हेंबर २०२५

रविकांत यास,
शरणु शरणार्थ.

पत्र मिळालं. पोस्टमनला चहा पाजला. बसम्मा आता जिना चढते आणि चढताना तुझी चौकशी करते.

यादी नीट वाचली. दोनशे अकरा फळ्यांना माझी संमती आहे. सही केलेला कागद सोबत आहे. सत्त्याऐंशी नंबरला संमती देता येत नाही, कारण त्या फोटोत माझं काहीच नाही.

नावाची अट नको, हे तुझं म्हणणं वाचलं. तुला ते जड जाणार नाही. एकदा करून बघितलेलं आहेच.

सिंधुवहिनींना नमस्कार. धम्मप्रिया एवढी मोठी झाली, वाचून बरं वाटलं.

चन्नबसप्पा


नांदेड,
दि. २० नोव्हेंबर २०२५

प्रिय चन्नू,
जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते सगळं उतू गेलं. सिंधूला वाटलं, कुणी गेलं की काय. धम्मप्रिया मात्र तुझं अक्षर बघत बसली. "काय लिवलंय हो काकानं!" मी म्हटलं, "काय लिहिलंय ते नको वाचू, कसं लिहिलंय ते बघ." पण तिनं वाचलंच. आणि मग उठून सत्त्याऐंशी नंबरचा फोटो उघडला.

फोटोत एक बाई आहे. डोक्याला पदर, कमरेत वाकलेली, हातात तिरपी धरलेली घागर. धम्मप्रियानं खूप वेळ बघितलं आणि विचारलं, "पप्पा, ही बाई काय ओतून राहिली?"

तुला सांगतो चन्नू, आयुष्यात इतकी वर्षं वर्गात प्रश्न विचारले, पण इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तुला सगळं माहीतच आहे. तरी मी लिहिणार आहे, कारण मी ते एकदाही माझ्या तोंडानं बोललेलो नाही.

जलदिनाचा फळा होता. कल्पना तुझी. तू म्हणालास, तू बाई आणि घागर काढ, घागरीतून मी अक्षरं ओततो. आणि ओतलीस. 'पाणी जपून वापरा' ही अक्षरं घागरीच्या तोंडातून निघून खाली पसरत गेली होती, वेलांट्यांना थेंब लागले होते. पोरं फळ्यापुढून हलत नव्हती, म्हणून हात लावू नये अशी पाटी लावून आपण तो फळा दोन दिवसांनंतरही तसाच ठेवला होता. रंग टिकावा म्हणून मी खडू साखरेच्या पाण्यात भिजवले होते, त्यामुळे पोरांबरोबर मुंग्याही आल्या होत्या.

त्याच आठवड्यात जिल्ह्याची फलकचित्र स्पर्धा होती. प्रवेशिकेवर नावासाठी एकच ओळ होती. खाली कोपऱ्यात तुझं नाव होतं, ते दिसलं तर प्रवेशिका बाद होईल असं मी स्वतःला सांगितलं आणि नेटकॅफेत बसून फोटोचा खालचा भाग कापून घेतला. तुझं नाव गेलं आणि त्याच्याबरोबर पाणीही गेलं. मला ते दिसलं होतं. तरी मी पाठवला. प्रवेशिका बाद होण्याची भीती वगैरे खोटं आहे, चन्नू. मला एकट्याला बक्षीस पाहिजे होतं. लोक फळ्याजवळ आले की आधी तुझं अक्षर वाचायचे, मग माझं चित्र बघायचे, हे मला चौदा वर्षं बोचत होतं.

पुढं जे झालं त्याचं हसू येतं आणि लाजही वाटते. मला वाटलं होतं, अर्धवट चित्र म्हणून मागं पडेल. तर पहिला नंबर! जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन आला तेव्हा स्टाफरूममध्ये आपण दोघंच होतो. माझ्या मोबाईलवर नीट ऐकू यायचं नाही म्हणून मी स्पीकर लावलेला. तू समोर वह्या तपासत होतास. साहेब म्हणाले, "सर, रिकामी घागर दाखवून तुम्ही टंचाईचं वास्तव टिपलंत. परीक्षकांच्या डोळ्यात पाणी आलं. ही कल्पना कशी सुचली?"

आणि मी म्हणालो, "हो साहेब, रिकामी घागर हीच मूळ कल्पना होती."

तू मान वर केली नाहीस. तुझा लाल पेन मात्र थांबला. तो थांबलेला पेन मला अजून दिसतो.

साहेब म्हणाले, उद्या अकराला फळा बघायला येतो. आता उद्या येऊन ते काय बघणार, तर भरलेली घागर, धो धो ओतणारी! मी घरी गेलो आणि जेवलो नाही. सिंधूला वाटलं, बक्षिसाच्या आनंदानं. सकाळी शाळेत आलो तर फळा कोरा. चकचकीत धुतलेला. मी सगळ्यांसमोर सिद्धरामला बोललो, "अक्कल हाय का न्हाई? पाटी लावली होती ना, हात लावू नये म्हणून!" आतून मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्याला मिठी मारली असती. कुणी पुसला ते मी कधी शोधलं नाही. साहेब आले, हळहळले, प्रमाणपत्र दिलं, पेढे खाल्ले. तू पेढा घेतलास आणि खिशात ठेवलास. जूनमध्ये आपल्या संस्थेच्या जळकोटच्या शाळेत बदली मागून निघून गेलास. माझा तो मोबाईल पुढं बिघडला आणि अख्खा फोटो त्याच्याबरोबर गेला. कापलेला तेवढा उरला.

आता नावाच्या अटीचं. मी मोठ्या मनाचा नाही. नाव सक्तीचं केलं की दोनशे अकरा चित्रांखाली दोन-दोन नावं आली असती आणि सत्त्याऐंशीखाली एकच. कुणीतरी विचारलंच असतं. कुणाचंच नाव नको म्हटलं की माझं पाप त्यात आपोआप बुडत होतं. पोरगी मला थोर समजून राहिली आणि मी मान डोलावत राहिलो.

हे मी तिला सांगितलं. सिंधूलाही. सिंधू म्हणाली, "अकरा वर्षं भिंतीवरच्या त्या सर्टिफिकेटावरची धूळ मी पुसून राहिले, अन् तुमी आता सांगता?" धम्मप्रियानं ते सर्टिफिकेट भिंतीवरून काढून माझ्यापुढं ठेवलं. मग म्हणाली, "परवाना बदलू या." आम्ही बदलला. कुणीही घ्या, बदला, फळ्यावर काढा, पण दोघांची नावं लिहा. नाव गाळलं तर परवाना संपला. असंच आहे त्यात. ते वाचताना मला वाटलं, माझा तर तेव्हाच संपला होता.

सत्त्याऐंशी नंबर मी काढून टाकला. प्रमाणपत्रावर माझ्या हातानं 'अक्षर : चन्नबसप्पा' असं लिहिलं. ते इतकं वाईट दिसतं की धम्मप्रिया म्हणाली, "मुंग्या परत आल्या." लोह्याला जाऊन सिद्धरामची माफी मागणार आहे.

एक मागणं आहे. परवान्याची ओळ प्रत्येक फोटोखाली येणार : 'हे चित्र कुणीही वापरावे, नावे मात्र लिहावीत.' ती ओळ कॉम्प्युटरच्या अक्षरात नको, तुझ्या अक्षरात पाहिजे. तू नाही म्हणालास तरी मला समजेल. मी चुकलो, चन्नू. तुझ्यासमोर बसून, लाल पेन थांबला तेव्हाच हे म्हणायला पाहिजे होतं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
रविकांत


जळकोट,
दि. २८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रव्या,
शरणु शरणार्थ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा तुझ्या 'क'साठी. त्याला आता खरंच दवाखान्यात घेऊन जा.

सिद्धरामची माफी जरूर माग, पण तो हसेल, हे आधीच सांगून ठेवतो. फळा त्यानं पुसला नव्हता, मी पुसला होता. बादली तेवढी त्यानं आणून दिली. तू त्याला सगळ्यांसमोर बोललास तेव्हा मी पुढं होणार होतो, तर त्यानंच मला डोळ्यानं बस म्हणून सांगितलं. अकरा वर्षं झाली, उदगीरच्या बाजूला तूर आली की मी त्याला डाळ पाठवतो. तो मला तुझी खबर पाठवतो. तू भाजी आणायला लागलास हे मला सोळाव्या दिवशीच कळलं होतं.

रागानं पुसला असं तुला वाटेल. राग होताच. पण रागावलेल्या माणसानं फळा तसाच ठेवला असता, साहेबांना येऊ दिलं असतं आणि पेढा खात मजा बघितली असती. मी रात्रभर तसंच करायचं ठरवलं होतं. पहाटे जाग आली तर तुझा चेहरा डोळ्यासमोर आला, 'हो साहेब' म्हणतानाचा. माझ्या जोडीदाराची चारचौघांत फजिती व्हावी, हे मला बघवलं नसतं.

म्हणून तसाच उठून शाळेत गेलो. ठरवलं होतं, आपली अक्षरं तेवढी पुसायची. घागर रिकामी राहील, साहेब खूश, तू वाचशील. ओलं फडकं घेऊन 'पाणी'वर ठेवलं, तर 'पा'बरोबर घागरीचा काठ गेला. काठ वाचवायला गेलो तर बाईचा अंगठा गेला. तुझा साखरेचा खडू चिकट आणि माझं अक्षर तुझ्या चित्रात शिरलेलं, कुठून धरावं तेच कळेना. शेवटी सगळंच पुसलं. 'पाणी जपून वापरा' पुसायला दोन बादल्या पाणी लागलं, आणि तेही टंचाईच्या दिवसांत. सिद्धराम पोट धरून हसत होता.

बदली मात्र चिडूनच घेतली, ते खोटं सांगत नाही. तू एक शब्द बोलशील म्हणून मी अख्खा एप्रिल थांबलो होतो. आता बोललास. उशीर झाला, पण अक्षर सोडलं तर पत्र चांगलं आहे.

परवान्याची ओळ लिहून पाठवतो आहे. तीन वेळा लिहिली, त्यातली जी बरी वाटेल ती धम्मप्रियाला घेऊ दे. विक्रीची अट राहू दे. बदलाची मोकळीक असू दे, पोरांना हवं ते करू दे. चित्र आणि अक्षर वेगळं करून वापरायचं असेल तर वापरा म्हणावं. मला काही ते जमलं नाही.

आणखी एक. पुसायच्या आधी मी मोबाईलवर फोटो काढला होता. अख्खा, कोपऱ्यातल्या दोन ओळींसकट. तो उदगीरला मोठा करून घेतला आणि कपाटात ठेवला. बसम्मा म्हणायची, ज्याच्याशी बोलत नाही त्याचं चित्र कशाला जपता? तो सोबत आहे. सत्त्याऐंशी नंबर मोकळा ठेवला असशील तर तिथं लाव. दोनशे बाराला माझी संमती आहे.

मे महिन्यात मी रिटायर होतो. इथल्या शाळेच्या दारातही एक फळा आहे. निरोपाच्या दिवशी त्यावर मी खालीच लिहिणार आहे. वरची जागा मोकळी सोडतो. खडू भिजवायला साखर बसम्मा देईल. आदल्या दिवशी ये.

तुझाच,
अक्षर : चन्नबसप्पा